वन्संची छाटलेली ब्रँच

आमच्या वन्संचा स्वभाव गोड आहे असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजा की त्या माणसाने त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. फोटोतही त्या हसत नाहीत, पण निदान बोलत तरी नाहीत.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. नवऱ्याहून धाकटी. तिच्या पाठीवर आणखी एक भाऊ, म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना मी भावजी म्हणते. माझं लग्न झालं तेव्हा ही दोघं एका सायकलवरून डबलसीट क्लासला जायची आणि पेडल कुणी मारायचं यावरून कोपऱ्यावरच हमरीतुमरीवर यायची. मी म्हटलं, पोरं आहेत, मोठी झाली की शहाणी होतील. मोठी झाली हो. त्यापुढचं काही जमलं नाही.

सासऱ्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. तराजू नव्हे, ट्रक चढवून वजन करतात ना, जमिनीत बसवलेला तो भलामोठा लोखंडी काटा. ट्रक रिकामा आत आला की एक वजन, भरून बाहेर निघाला की दुसरं, वजाबाकी केली की माल किती गेला ते कळतं. पूर्वी काट्यावरचा माणूस ते हाताने लिहायचा. आता कॉम्प्युटर लिहितो, आणि त्याने कसं लिहायचं ते आमच्या घरात ठरतं. टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. लांबट खोली, खिडकी उघडली की रबराचा वास, बंद केली की आमचाच. आमचे हे ग्राहक सांभाळतात. वन्सं आणि भावजी प्रोग्राम लिहितात. आणि मी तो प्रोग्राम चालतो का ते बघते, म्हणजे दिवसभर मुद्दाम चुकीची बटणं दाबून खोट काढत बसते. सासूबाई इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकावर जे करत होत्या त्याला टेस्टिंग म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

आता थोडं तांत्रिक सांगते, घाबरू नका. मलाही एवढंच येतं.

चहाच्या ओट्याशेजारी एक जुनं खोकं घरघरत असतं, तो आमचा सर्व्हर. ज्याने त्याने आपलं काम त्यात नेऊन ठेवायचं आणि दुसऱ्याचं तिथून आपल्या मशिनवर आणायचं. या आणण्याला फेच म्हणतात. फेच केलं म्हणून दुसऱ्याचं काम आपल्या कामात मिसळत नाही हं. शेजारणीने दिलेली पिशवी घरात आणून कोपऱ्यात ठेवावी, तसं. ती सोडून डब्यात ओतायची की तशीच पडू द्यायची, ते आपण ठरवायचं. प्रत्येक कामाची वेगळी वाट असते, तिला ब्रँच म्हणतात. झालं, संपलं शिक्षण.

फेचची आज्ञा काळ्या खिडकीत टाइप करायची आणि पुढे दोन आडव्या रेघा मारून अटी घालायच्या. डॅश डॅश हे, डॅश डॅश ते. सभ्य माणूस शिव्या सांगताना मधली अक्षरं गाळतो ना, ऐकायला अगदी तसंच वाटतं. आणि आमच्याकडे अर्थही साधारण तोच असतो.

कोण कुठली अट घालतं यावरून माणूस ओळखावा. मी घालते डॅश डॅश डेप्थ एक. म्हणजे फक्त वरचा थर दे, खालचा सगळा इतिहास नको. या घरात इतिहास नको म्हणणारी मी एकटीच. भावजी आधी डॅश डॅश ड्राय रन करतात. म्हणजे काय काय येणार आहे ते नुसतं दाखव, आणू नकोस. शत्रूच्या खिडकीतून डोकावल्यासारखं. डोकावून झालं, नाक मुरडून झालं, की मग आणायचं. आणि वन्संची लाडकी अट डॅश डॅश प्रून. सर्व्हरवर जी ब्रँच राहिली नाही तिची आपल्याकडे पडलेली प्रतही छाटून टाक. वन्संना पसारा खपत नाही. माणसंसुद्धा त्या अशीच छाटतात.

भावाला छाटलं ते असं. भावजी एकदा गावाबाहेर एका ग्राहकाच्या यार्डात मुक्कामाला होते. तिथल्याच मशिनवर बसून त्यांनी नवीन पावतीचं सगळं काम केलं, सर्व्हरवर ठेवलं आणि निघताना ते मशीन साफ करून दिलं. इकडे वन्संनीही त्याच ब्रँचवर काम केलेलं. त्या ठेवायला गेल्या तर सर्व्हर म्हणाला, थांबा बाई, इथे दुसऱ्या कुणाचं काहीतरी आहे, आधी फेच करा. कोणीही शहाणा माणूस फेच करून बघेल. वन्संनी डॅश डॅश फोर्स लावला आणि भावजींच्या कामावर आपलं काम बसवलं. खालचं गेलं ते गेलंच.

"आधी फेच करायला काय झालं होतं तुला?" भावजी लाल होऊन ओरडले.

"आधी सांगायला काय झालं होतं तुला?" वन्सं म्हणाल्या. "गुपचूप अंडं घालून जायचं आणि कुणी पाय दिला की बोंबलायचं!"

चूक वन्संची होती. ती त्यांनाही कळली होती. म्हणूनच माफी मागितली नाही. छोट्या चुकीची माफी मागता येते, एवढ्या मोठ्या चुकीची कशी मागणार? त्या दिवशी भावजींनी छातीएवढं लोखंडी कपाट ढकलत आणून दोन टेबलांच्या मध्ये उभं केलं. वन्संनी त्याला आपल्या बाजूने पाठिंबा दिला, म्हणजे जरा आणखी आत सरकवलं. तेव्हापासून बोलणं बंद. गेली काही वर्षं एकमेकांशी जे काही बोलायचं ते माझ्यातर्फे.

"वहिनी, त्याला सांग, त्याच्या पंख्याने माझे कागद उडतात."

"वहिनी, तिला सांग, कागदांवर काही वजनदार लिहीत जा."

मी मध्ये कपाटाच्या टोकाला बसते. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतं, तरी मला परत सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते बोलणं झालं असं धरत नाहीत. मीही मग सांगताना थोडं मीठ घालते. दिवस जायला हवा ना.

वन्संनी एक झाडू बनवला होता. झाडू म्हणजे छोटा प्रोग्राम, नाव त्यांनीच दिलेलं. सकाळी येऊन मशीन चालू केलं की पहिला झाडू मारायचा. तो सगळीकडून फेच करणार, सर्व्हरवर नसलेल्या ब्रँचा छाटणार, आणि छाटलेलं पुन्हा कधी सापडू नये म्हणून खालचा केरही कायमचा साफ करणार. सर्व्हरवर रात्रीचा झाडू आपोआप. ऑफिसचा नियमच तो. मी मारते, आमचे हे काही न समजता मारतात. भावजींनी मात्र साफ नकार दिला.

"तिला सांग, माझ्या मशिनचा केरवारा करायला तिला ठेवलेलं नाही. आणि तिची एक चूक मी पुसू देणार नाही. सगळ्या जपून ठेवणार आहे. म्हातारपणी वाचायला होतील."

"त्याला सांग, म्हातारपण लांब नाहीये, टक्कल बघ," वन्सं म्हणाल्या.

हे झालं भांडण. आता वन्संना काय हवं होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच जळकी आहे. उगाच नाही.

सासरे काट्याच्या खाली उतरायचे तेव्हा वरून हत्यारं द्यायला वन्सं असायच्या. शाळेच्या फ्रॉकवर ग्रीस. कुठल्या खांबाला भार कमी येतोय ते त्यांना फळीवरून चालताना पायाला कळायचं. भावजी तेव्हा कडेला बसून पेपरमिंट चोखायचे. पुढे प्रोग्रामही वन्सं आधी शिकल्या, आणि भावजींना त्यांनीच शिकवलं, डोक्यात टपल्या मारमारून. पण ग्राहकाचा फोन आला की काय? "हॅलो, जरा भाऊंना देता का? तांत्रिक आहे." वन्सं म्हणणार, मला सांगा. तिकडून, "नाही, भाऊ आले की करतो." असं वर्षानुवर्षं. ज्या अडचणीचं उत्तर वन्संनी लिहिलं तेच उत्तर भावजींनी फोनवर वाचून दाखवायचं आणि तिकडून वाहवा घ्यायची. बोलणं बंद झाल्यावर तर तेही माझ्यातर्फे. मी वन्संना विचारायचं, भावजींना सांगायचं, भावजींनी ग्राहकाला. पाणी इतक्या भांड्यांतून फिरलं की कोमट होतंच.

त्यामुळे खडीच्या खाणीचं काम आलं तेव्हा वन्सं ह्यांच्यासमोर जाऊन उभ्याच राहिल्या.

"दादा, हे काम माझं. ग्राहकही माझा. फोन माझ्या टेबलावर येणार. मध्ये भाऊ नाही, वहिनी नाही, कुणी नाही. नाहीतर मी चालले, दुसरीकडे नोकरी बघते."

आमचे हे भिडस्त. म्हणाले, "बरं. पण खाणवाले प्रोग्राम बघायला येतील, त्या दिवशी फसलं तर काम त्याच्याकडे जाईल. त्यांनी आधीच विचारलंय, भाऊ करणार ना म्हणून."

कपाटामागून खुर्ची करकरली. वन्सं म्हणाल्या, "नाही फसणार."

मग जे काम सुरू झालं! दोन काटे, आत यायचा वेगळा, बाहेर जायचा वेगळा, ट्रक दिवसभर येतात जातात. वन्सं घरून डबा आणायच्या आणि तसाच परत न्यायच्या. त्यांचे यजमान शाळेत शिकवतात, गरीब माणूस. मला फोन करून विचारायचे, "वहिनी, हिचं ऑफिसात बरं चाललंय ना? घरी काही बोलत नाही." मी म्हटलं, भाग्य समजा.

वन्सं रोज संध्याकाळी आपली ब्रँच सर्व्हरवर ठेवायच्या. भावजी रोज सकाळी ती आणायचे, ड्राय रन करून, नाक मुरडून. आणि मग कपाटामागून चहाच्या घोटाबरोबर एक आवाज यायचा. "हं!" एवढाच. कधी "हं हं!" एका सकाळी "हं" च्या ऐवजी हसणं आलं. चांगलं खुदकन.

वन्संचा कानच तो. काळी खिडकी उघडली, टकाटक काहीतरी मारलं आणि सर्व्हरवरची आपली ब्रँच काढून टाकली.

"वहिनी, त्याला सांग, फुकटचा तमाशा बंद. आता माझ्याच मशिनवर राहील."

मी सांगितलं. "बरं झालं, डोळे सुटले," कपाट म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इमानेइतबारे झाडू मारला. माझ्याकडची वन्संची ब्रँच छाटली गेली, केर कायमचा साफ. ह्यांच्याकडचीही. सर्व्हरने रात्रीच उरकलं होतं. वन्संचा नियम, वन्संचा झाडू, नंबर एक चालला. आता ते सगळं काम जगात एकाच ठिकाणी उरलं, वन्संच्या लॅपटॉपमध्ये. आणि तो लॅपटॉप सासऱ्यांच्या वेळचा, जाडजूड, आतली डिस्क गरगर फिरणारी. नवा घ्या म्हटलं की आमचे हे म्हणायचे, "चालतोय ना?" चालत होता.

खाणवाले परवा येणार होते. दुपारी त्यांच्या मॅनेजरचा फोन आला, वन्संच्या टेबलावर. वन्संनी गळा साफ करून उचलला.

"हॅलो... हो, मीच बोलतेय... काटा दोन नंबरचा ना? विचारा ना." मग बराच वेळ ऐकलं. कानाची पाळी लाल होत गेली. "नाही, भाऊ नाहीत. मी आहे ना. मी लिहिलंय ते... अहो, तांत्रिकच सांगतेय मी... बरं. बरं, देते निरोप."

फोन ठेवला. हळूच ठेवला, म्हणूनच मी घाबरले. मग त्यांनी दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि टेबलावर असा आपटला की खाली टायरवाल्याने वर बघितलं असणार.

लॅपटॉप म्हणाला, टक. टक. टक. मग काही म्हणाला नाही.

वन्संच्या तोंडावरचा रंग कसा उतरला ते सांगता येत नाही. बाई रागावलेली बघायची सवय होती मला, घाबरलेली नव्हती. दुरुस्तीवाल्याकडे धावल्या. तो म्हणाला, आतली चकती खरवडली, विसरा. परत येऊन सर्व्हर चाळला. साफ. माझ्या मशिनवर बसल्या, एकामागून एक आज्ञा मारल्या. साफ.

"इतकं कसं काही नाही?" त्या पुटपुटल्या.

"तुमचाच झाडू वन्सं," मी म्हटलं. "तुम्ही कामं अर्धवट करत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चहा टाकायला गेले.

चहा उकळत होता तेव्हा कपाटामागून आवाज आला. सावकाश, खूप चवीने.

"वहिनी, तिला सांग. माझ्याकडे आहे."

अर्थात! भावजींनी झाडू कधी मारलाच नव्हता. रोज फेच, पण प्रून नाही. सर्व्हरवरून ब्रँच गेली तरी त्यांच्याकडची प्रत जिथल्या तिथे. बहिणीच्या चुका जपून ठेवायच्या होत्या ना, त्यापायी चुकांबरोबर सगळं कामच जपलं गेलं होतं. काढून टाकल्यानंतरच्या दिवसांतलं काय ते गेलं होतं, पण ते वन्संच्या डोक्यात होतं.

मी म्हटलं, "वन्सं, ऐकलंत ना?"

"ऐकलं. त्याला सांग, सर्व्हरवर ठेव."

"तिला सांग, नाही ठेवणार. पाहिजे तर येऊन माग. तोंडाने."

"त्याला सांग, मेले तरी नाही."

"तिला सांग, मग मर. खाण मला मिळेल. मॅनेजर तसाही भाऊच मागत होता, मी ऐकलंय इथून."

हे लागलं. अगदी नेमकं लागलं. वन्सं खाली मान घालून बसल्या. मी चहाचा कप पुढे ठेवला, हात लावला नाही. मी भावजींच्या बाजूला जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "अहो, लाज आहे का? परवा माणसं येतायत."

"तिला होती का तेव्हा?" भावजी म्हणाले. "माझं पावतीचं काम. मी यार्डात डास मारत लिहिलं होतं ते. एक शब्द बोलली का ती? एक शब्द, वहिनी."

तेवढ्यात वन्सं उठल्या. कपाटाला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्या बाजूला त्यांचा पाय वर्षानुवर्षं पडला नव्हता. भावजींच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. भावजींनी पडद्यावरून नजर हलवली नाही, पण बोटं थांबली.

"तुझ्या मशिनचा पत्ता सांग," वन्सं म्हणाल्या.

एवढंच. माफी नाही, कृपया नाही. मी म्हटलं आता भावजी नाही म्हणणार. पण भावजींनी आकडे सांगितले, भरभर, मुद्दाम. वन्संनी ते पाठ केले, माझ्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि सर्व्हरला बाजूला ठेवून थेट भावजींच्या मशिनवरून फेच मारलं.

आलं काहीतरी. बरंच आलं. वन्संनी बघितलं आणि ओरडल्या, "माझं काहीच नाहीये यात! सगळं याचंच आहे! खोटारडा!"

"खोटारडी तू!" कपाटामागून, थेट. माझ्यातर्फे नाही. "कुणाच्या मशिनवरून साधं फेच केलं की त्याच्या स्वतःच्या ब्रँचा येतात. तुझं मी माझ्यात कशाला ठेवीन? दुसऱ्याकडून आणलेलं कोपऱ्यात ठेवलंय. पूर्ण नावाने माग."

"मला शिकवू नकोस!"

"मग येत असून विसरलीस का?"

वन्संनी दात खात कोपऱ्यातल्या त्या ब्रँचचं लांबलचक पूर्ण नाव टाइप केलं, ती इथे कुठे ठेवायची तेही लिहिलं आणि बटण मारलं. ओळी सरकू लागल्या. आली! वन्संची ब्रँच आली. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात खालून आणखी ओळी येऊ लागल्या. एक, दोन, पाच, ढीगभर.

हे टॅग. कामातल्या एखाद्या जागेवर चिठ्ठी चिकटवावी तशी खूण करता येते, तिला टॅग म्हणतात. आणि गंमत अशी की तुम्ही एखादी ब्रँच आणली की तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या न मागता मागून येतात. नको असतील तर डॅश डॅश नो टॅग्ज लिहावं लागतं. घाईत वन्सं विसरल्या. आणि भावजींनी रोज सकाळी "हं" म्हणत काय केलं होतं ते आमच्यासमोर उलगडायला लागलं.

अक्कल-गहाण. पुन्हा-तेच. बाबांनी-हे-शिकवलं-का. ट्रक-आहे-की-भूत. कुंभकर्णाने-लिहिलं. वहिनीनेही-बरं-लिहिलं-असतं.

"भावजी!" मी म्हटलं. "मी काय केलं होतं?"

वन्सं उठून कपाटापर्यंत गेल्याच. मग जे भांडण झालं ना, इतक्या वर्षांचं साठलेलं. सायकलच्या पेडलपासून सुरुवात झाली. पेपरमिंट निघाली, टपल्या निघाल्या, डॅश डॅश फोर्स निघाला, अंडं निघालं. कपाटावर दोन्ही बाजूंनी हात आपटत होते. खालून टायरवाला वर येऊन दारात उभा राहिला आणि काही विचारायच्या आत खाली गेला.

"दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायला तुला जमतं, स्वतः एक काटा तरी धड लिहिलास का?"

"मी लिहिलेलं शिल्लक ठेवलंस का तू? सांग ना! शिल्लक ठेवलंस का?"

वन्संचा हात कपाटावरून खाली आला. मग म्हणाल्या, "नाही ठेवलं. पुसलं मी. न बघता पुसलं. झालं समाधान?"

"नाही झालं," भावजी म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता.

दोघं दम घेत होती तोवर मी टॅग वाचत बसले. माझ्या नावाचे आणखी आहेत का ते बघायला. तळाशी एक वेगळाच होता. मी मोठ्याने वाचला: "सकाळचं-वजन-संध्याकाळी. ही कसली शिवी?"

"हीच तर हसायची जागा होती," भावजी म्हणाले. "तिला सांग... जाऊ दे. अगं ताई, तोच ट्रक दुसऱ्यांदा आला की तू त्याचं सकाळचंच रिकामं वजन धरतेस. मध्ये त्याने टाकी भरली असेल तर? डिझेलचं वजन खडी म्हणून मोजशील."

ताई म्हणाले. मी ऐकलं. वन्संनीही ऐकलं असावं, पण त्या आधीच पडद्यावर वाकल्या होत्या. ओठ हलत होते. बोट एका ओळीवर थांबलं.

"गाढवा," त्या सावकाश म्हणाल्या, "हे कधीचं दिसत होतं तुला?"

"तू ब्रँच काढलीस त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्याशी?" भावजी म्हणाले. "चिठ्ठी लावली होती. तू बघितली नाहीस, मी काय करू?"

त्यांच्या मशिनवरची चिठ्ठी वन्संना दिसणार कशी, ते मी विचारलं नाही. या घरात तर्काला चहा मिळत नाही.

वन्संनी ती चूक काढली. गेलेल्या दिवसांचं काम डोक्यातून पुन्हा उतरवलं. भावजींच्या बाकीच्या शिव्याही एकेक करून तपासल्या. त्यातल्या बऱ्याच खऱ्या निघाल्या, काही नुसत्याच शिव्या. ज्या नुसत्या होत्या त्या वाचताना वन्सं "मूर्ख" म्हणायच्या, ज्या खऱ्या होत्या त्या वाचताना काहीच म्हणायच्या नाहीत. त्यावरूनच मला कळायचं.

खाणवाले आले आणि आम्हाला खाणीतल्या काट्यावर घेऊन गेले. मॅनेजर आणि त्यांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, काट्यांना फसवण्यात मुरलेला माणूस. त्याने एक ट्रक आत नेला, भरून बाहेर काढला, वजन बरोबर. मग तोच ट्रक फिरवून आणला. आत शिरताना त्याचा चेहरा बघूनच मला कळलं की वाटेत टाकी गच्च भरून आणलीय. वन्संचा पडदा रिकाम्या वजनाशी थांबला आणि म्हणाला, पुन्हा तोला. ड्रायव्हरने मिशीला हात लावला. मॅनेजर ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "भाऊंनी हे छान पकडलंय हो."

वन्सं समोर उभ्या होत्या. आमचे हे, देव त्यांचं भलं करो, पहिल्यांदा वेळेवर बोलले. "भाऊ नाही. ही."

मॅनेजरने वन्संकडे पाहिलं आणि मान हलवली. काम वन्संचं झालं, फोन त्यांच्या टेबलावर.

म्हणून गोडीगुलाबी झाली असं समजू नका. कपाट अजून तिथेच आहे. वन्संनी भावजींच्या कामावर टॅग लावायला घेतलेत, आणि ते तर सरळ सर्व्हरवर ठेवतात, म्हणजे झाडू मारला की मलाही वाचायला मिळतात. भावजी आता डॅश डॅश टॅग्ज लावून फेच करतात. एकही शिवी चुकायला नको म्हणून. झाडूचा नियम तोच आहे. फक्त त्यात एक नवीन ओळ आलीय, की हा झाडू भावजींच्या मशिनवर चालणार नाही. वर वन्संनी कारण लिहिलंय: "हा माणूस उकिरडा जपतो. जपू दे."

परवा वन्सं चहा ओतत होत्या आणि त्यांचा फोन वाजला. भावजी जवळ होते, त्यांनी कपाटावरून हात लांब करून उचलला. खाणीचा मॅनेजर. आवाज मोठा, मलाही ऐकू आलं. "अरे वा, भाऊच भेटले! जरा तांत्रिक होतं."

वन्संची चहाची धार कपाबाहेर गेली.

"मला त्यातलं काही कळत नाही," भावजी म्हणाले. "ताईंना विचारा." आणि फोन कपाटाच्या डोक्यावर उताणा ठेवून दिला.

वन्संनी फोन घेतला, सगळं नीट समजावलं, ठेवला. मग सांडलेला चहा पुसता पुसता म्हणाल्या, "वहिनी, त्याला सांग, कळत नाही हे खरंच आहे, उगाच विनय दाखवल्यासारखं करू नको."

मी सांगितलं. मीठ न घालता.